मानसिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण: कोल्हापुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

‘मला मानसिक आरोग्यात काम करायचंय’ असं म्हणत कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडची बरीच मुलंमुली पदवीनंतर जवळच्या कॉलेजात एम.ए. मानसशास्त्राचा फॉर्म भरतात. त्यात गैर काही नाही. पण दोन वर्षांनी हातात पदवी येते, आणि तेव्हा कळतं की तिच्या जोरावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि वेगळी नोंदणी लागते. मग पुन्हा प्रवेश परीक्षा, पुन्हा दोन-तीन वर्षं, घरच्यांचे प्रश्न. हे टाळता येतं. म्हणून हा लेख उलट्या टोकापासून सुरू करतो. आधी काम ठरवू, मग त्या कामाला लागणारी नोंदणी बघू आणि पदवीकडं शेवटी वळू.

पायरी १: नेमकं कोणतं काम करायचंय ते ठरवा

समजा, गडहिंग्लजकडची एक तरुणी बाळंतपणानंतर दीड महिन्यानं दवाखान्यात आणली आहे. झोप उडालेली, बाळाला जवळ घ्यायला तयार नाही, सारखी रडते. सासूला वाटतं बाहेरचं काही लागलंय. आईला वाटतं सासरी छळ आहे.

या एका पेशंटभोवती चार माणसं लागतात. मनोविकारतज्ज्ञ निदान करतो, औषध देतो, आणि थायरॉइड किंवा रक्तक्षयासारखं शारीरिक कारण तर नाही ना तेही तपासून घेतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सविस्तर मुलाखत घेतो, चाचण्या करतो, मानसोपचार देतो. सायकिअॅट्रिक सोशल वर्कर सासर आणि माहेर दोन्हीकडं बोलतो, घरात बाळाकडं कोण बघणार याची घडी बसवतो, आशाताईला पाठपुराव्यात घेतो. तिला दाखल करावं लागलं तर मनोरुग्ण परिचर्येचं शिक्षण घेतलेली नर्स चोवीस तास तिच्याजवळ असते, आणि आत्महत्येचा धोका वाढतोय का हे बहुतेकदा तिलाच आधी दिसतं.

यातल्या कुणाच्या जागी तुम्हाला बसायचंय? या प्रश्नावर पंधरा दिवस घालवले तरी चालतील. नुसतं ‘मला लोकांचं ऐकून घ्यायला आवडतं’ एवढ्यावर ठरवू नका. ऐकून तर चौघांनाही घ्यावं लागतं.

पायरी २: त्या कामाची वाट ओळखा

मनोविकारतज्ज्ञ व्हायचं तर एमबीबीएस हवं, त्यानंतर नीट-पीजी आणि तीन वर्षांचं एम.डी. किंवा त्याच्या तोडीचं डीएनबी सायकिअॅट्री. एमबीबीएसशिवाय इथं दुसरा रस्ता नाही, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

नर्सिंगवाल्यांसाठी दोन वर्षांचं एम.एस्सी. नर्सिंग, त्यात मानसिक आरोग्य हा विशेष विषय. बी.एस्सी. नर्सिंग, नर्सिंग परिषदेची नोंदणी आणि कामाचा अनुभव आधी हवा. या शाखेकडं फार कमी लोक वळतात आणि माणसांची गरज मात्र फार आहे.

एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. या वाटेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘मानसिक आरोग्य’ म्हटलं की ती कुणाच्या डोळ्यांसमोरच येत नाही. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला ती खुली आहे. कोल्हापुरात सायबर या संस्थेत एमएसडब्ल्यू शिकवलं जातं. मानसिक आरोग्यात जायचं असेल तर वैद्यकीय आणि मनोसामाजिक कार्य हे विशेषीकरण निवडावं. ते ज्या वर्षी प्रवेश घेताय त्या वर्षी चालू आहे का, हे संस्थेत विचारून घ्या. आठवड्यातले ठरावीक दिवस क्षेत्रकार्य असल्यामुळं एमएसडब्ल्यूचा विद्यार्थी पहिल्याच सत्रात वस्तीत, दवाखान्यात, व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन उभा राहतो. आपल्याकडं आजारी माणूस एकटा येत नाही, अख्खं घर घेऊन येतो. अशा ठिकाणी हे प्रशिक्षण फार मोलाचं आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकातही मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि नर्स यांच्यासोबत सायकिअॅट्रिक सोशल वर्करचं पद असतं. हा कार्यक्रम १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातून पुढं आला आणि १९९६ पासून जिल्हानिहाय सुरू झाला.

राहिलं एम.ए. मानसशास्त्र. चार सत्रं, दोन वर्षं. शिवाजी विद्यापीठाचं कार्यक्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे, त्यामुळं घराजवळचं केंद्र मिळण्याची शक्यता बरी असते. या पदवीवर शाळा-कॉलेजातलं समुपदेशन, संस्थांमधली कामं, संशोधन सहायकाची कामं मिळतात. नेट किंवा सेट झाल्यावर प्राध्यापकीचा रस्ता खुला होतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर मात्र ही पहिली पायरी समजा.

पायरी ३: मान्यता स्वतः तपासा

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, म्हणून या पायरीवर घाई करू नका.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते. लोक तिला आरसीआय म्हणतात. १९९२ च्या कायद्यानुसार या परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असल्याशिवाय या नावानं काम करता येत नाही, आणि केल्यास शिक्षेची तरतूद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या परिषदेच्या मान्यतेशीच बांधलेली आहे.

आजवरची वाट अशी होती: एम.ए. किंवा एम.एस्सी. मानसशास्त्र, किमान ५५ टक्के, मग आरसीआय-मान्य संस्थेत पूर्णवेळ दोन वर्षांचं एम.फिल. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद करण्याचं ठरलं. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांपुरती विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत प्रवेशाची मुभा दिली. पुढच्या काळासाठी परिषदेनं क्लिनिकल सायकॉलॉजीची स्वतंत्र एम.ए. आणि त्यावरची सायडी ही डॉक्टरेट अशी नवी रचना आणली आहे. म्हणजे तुमच्या मोठ्या बहिणीनं किंवा सिनियरनं जी वाट धरली होती, ती तुम्हाला तशीच मिळणार नाही. त्यांचा सल्ला ऐका, पण प्रवेशाच्या वर्षीचा नियम परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.

आता एक बारकावा. एखाद्या विद्यापीठाच्या एम.ए.च्या नावात ‘क्लिनिकल’ हा शब्द असला म्हणून तो अभ्यासक्रम परिषदेनं मान्य केलेला असतोच असं नाही. ‘विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे’ हे उत्तर कुणी दिलं तर ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. तुम्ही विचारायचं ते असं: हा अभ्यासक्रम, या संस्थेत, या शैक्षणिक वर्षासाठी आरसीआयच्या यादीत आहे का? यादी उघडी असते. संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव, मान्यतेची मुदत आणि जागांची संख्या, चारही गोष्टी बघा आणि त्या पानाची प्रत जवळ ठेवा.

दूरस्थ शिक्षणाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. नोकरी सांभाळून घरबसल्या एम.ए. मानसशास्त्र करणारे आपल्याकडं पुष्कळ होते, विशेषतः लग्नानंतर पुन्हा शिकू पाहणाऱ्या बायका. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगानं मानसशास्त्र हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला बंदी घातली आहे. २०२१ च्या संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्याखाली जे विषय येतात, त्यांना हा नियम लागू झाला. त्यामुळं आज कुणी ‘ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी, लगेच प्रवेश’ अशी जाहिरात दाखवली तर पैसे भरू नका. या बंदीनं काहींची मोठी अडचण झाली आहे हे मला मान्य आहे. तरीही पेशंटसमोर न बसता हे काम शिकता येत नाही, हेही तितकंच खरं.

सहा महिन्यांच्या ‘समुपदेशन डिप्लोमा’च्या जाहिराती गल्लोगल्ली दिसतात. आवड तपासून बघायला त्यातला एखादा ठीक. त्याच्या जोरावर पेशंट घेऊ नयेत.

पायरी ४: कोल्हापुरात राहायचं की बाहेर पडायचं

माझं मत असं की एम.ए. किंवा एमएसडब्ल्यू इथं करावं, आणि आरसीआयच्या प्रशिक्षणासाठी मनाची तयारी बाहेर जाण्याची ठेवावी. विशेष प्रशिक्षणात बेड असलेला मनोरुग्ण विभाग, रोजची ओपीडी आणि शिकवायला अनुभवी माणसं, तिन्ही एका जागी लागतात.

महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. आपल्याला सगळ्यात जवळचं रत्नागिरीचं, आंबा घाट उतरून. पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. दक्षिणेला धारवाडची डिमहान्स संस्था महामार्गावरच पडते, अंतर पुण्यापेक्षा कमी, पण तिथले पेशंट प्रामुख्यानं कन्नड बोलणार. चंदगड, गडहिंग्लज, कागल पट्ट्यातल्या ज्या मुलांना घरीदारी कन्नड ऐकून समजतं, त्यांनी या संस्थेचा विचार जरूर करावा. त्यांच्याकडं जे आहे ते पुण्या-मुंबईच्या उमेदवाराकडं नसतं. बंगळूरूची निमहान्स आणि रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था या देशातल्या सगळ्यात जुन्या आणि मोठ्या संस्थांपैकी. मुंबईच्या टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेतून होतो. या सगळ्यांच्या तारखा वेगवेगळ्या असतात आणि काहींचे अर्ज एम.ए.च्या शेवटच्या परीक्षेआधीच निघतात, म्हणून तिसऱ्या सत्रापासूनच संकेतस्थळांवर लक्ष ठेवा.

पायरी ५: कागदपत्रं आणि पैसे

पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, अधिवास, जातीचा दाखला आणि लागू असेल तर जात वैधता व नॉन-क्रिमीलेअर. उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मेमध्येच तहसीलमधून काढून ठेवा, जूनमध्ये सेतू केंद्रावर रांगा लागतात. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरायचे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती तुमच्या अभ्यासक्रमाला लागू होते का, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात प्रवेशाच्याच दिवशी विचारा. सारथी, बार्टी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्या योजनांवरही नजर ठेवा.

राहण्याचं म्हणाल तर शाहू महाराजांनी शंभरावर वर्षांपूर्वी बोर्डिंगांची जी परंपरा सुरू केली, तिचा आधार खेड्यातून येणाऱ्या मुलांना आजही मिळतो. विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी वेगळा अर्ज असतो. राजारामपुरी आणि सायबर चौकाच्या आसपास खोल्या आणि मेस भरपूर.

पायरी ६: दोन वर्षांत काय पक्कं करायचं

सध्याच्या रचनेत पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन पद्धती, ऑन जॉब ट्रेनिंग आणि संशोधन प्रकल्प हे भाग सक्तीचे आहेत. एका वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोयही आहे, पण मानसिक आरोग्यात काम करायचं असेल तर तिचा मोह धरू नका.

संख्याशास्त्राला घाबरणारे बरेच असतात. पहिल्या सत्रातच त्याला भिडा. मनोविकृतीशास्त्र शिकताना डीएसएम-५-टीआर आणि जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ या दोन्ही वर्गीकरणांची ओळख हवी. मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी संदर्भग्रंथ पहिले काही महिने जड जातात. विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात रोज ठरावीक वेळ बसायची सवय लावा, दोघा-तिघांनी मिळून वाचा, आणि प्रत्येक संकल्पना घरच्या माणसाला मराठीत समजावून सांगता येते का ते बघा. पुढं पेशंटच्या नातेवाइकांना तेच करायचं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य म्हणजे केस हिस्टरी आणि मनःस्थितीची तपासणी. तक्रार पेशंटच्याच शब्दांत लिहायची. आपल्या भागातला शेतकरी ‘मला नैराश्य आलंय’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘हातापायातलं बळच गेलंय’, ‘डोकं बधिर झालंय’, ‘छातीत धडधडतंय, पण ईसीजी नॉर्मल हाय’. ‘कामात मन लागत नाही’ हे चौथ्या-पाचव्या वाक्यात येतं. तुम्ही त्याआधीच ‘उदासीनता’ लिहून मोकळे झालात तर पुढचं ऐकायचं राहून जाईल. त्रास कधी सुरू झाला, हळूहळू की अचानक, आधी माणूस कसा होता, घरात कुणाला असा त्रास होता का, दारू किती आणि शेवटची कधी घेतली, माहिती सांगणारा नातेवाईक रोज सोबत राहतो की पाहुणा म्हणून आलाय, हे सगळं विचारा. दारूचा प्रश्न औपचारिकता म्हणून विचारू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक दारू सोडली तर दोन-तीन दिवसांत भ्रम, थरथर, फिट अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. तिथं समुपदेशनाची नाही, दवाखान्याची गरज असते.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली तुम्ही लवकरच वापरायला लागाल. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. नवखा विद्यार्थी तो पुटपुटून टाळतो, कारण त्याला वाटतं की विचारल्यानं विचार डोक्यात घुसेल. तसं होत नाही. विचारल्यानं माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही आणि मार्गदर्शकाला त्याच क्षणी कळवायचं, उद्या नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तो पाठ हवा.

पायरी ७: ट्रेनिंगची जागा

सीपीआर रुग्णालय राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातला गरीब पेशंट तिथं येतो. सरकारी ठिकाणी बसायची परवानगी हवी असेल तर कॉलेजच्या पत्रासह अधिष्ठात्यांकडं अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून एखाद-दीड महिना आधी पत्र टाका. खाजगी मनोविकारतज्ज्ञ, विशेष मुलांच्या शाळा, व्यसनमुक्ती केंद्रं, वृद्धाश्रम हेही पर्याय आहेत. निवडताना प्रश्न एकच विचारा: माझ्या केसवर आठवड्यातून एकदा तरी माझ्यासोबत बसून कोण बोलणार? उत्तर ‘कुणी नाही’ असेल तर जागा कितीही नावाजलेली असो, दुसरी शोधा. देखरेखीशिवायचा अनुभव प्रमाणपत्रावर दिसतो, हातात काही उरत नाही.

गुप्ततेबद्दल इथं जरा जास्तच जपायला लागतं. पेठेत, तालमीत, भिशीत माणूस माणसाला ओळखतो. नाव न घेता ‘कागलच्या एका सरांची केस’ एवढं बोललात तरी ऐकणाऱ्याला कळतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ नं पेशंटला गुप्ततेचा हक्क दिला आहे. केसच्या वह्या खोलीत पडू देऊ नका, मोबाइलवर फोटो काढू नका, ग्रुपवर तर काहीच टाकू नका. पेशंट ओळखीचा किंवा भावकीतला निघाला तर मार्गदर्शकाला सांगून बाजूला व्हा.

आणि देवस्थानांबद्दल. बरीच कुटुंबं आधी नृसिंहवाडीला जाऊन, उपास-तापास करून मग दवाखान्यात येतात. त्यांना हिणवू नका. वाडीला जाऊन जीवाला बरं वाटत असेल तर जाऊ देत, गोळ्या बंद करू नयेत एवढं समजावा. पण मारहाण, साखळीनं बांधणं, चटके देणं असं काही चाललं असेल तर गप्प बसायचं नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे, आणि माणसाला साखळदंडात ठेवायला २०१७ च्या कायद्यानंही मनाई केली आहे.

पायरी ८: संशोधन प्रकल्प

‘महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील ताण आणि समायोजन’ हा विषय घेऊन वर्गातल्याच साठ जणांकडून फॉर्म भरून घेणं सोपं असतं. कृपा करून तसं करू नका. आपल्या जिल्ह्यात विषयांची वाण नाही. २०१९ आणि २०२१ चा महापूर शिरोळ-करवीरच्या गावांनी पाहिला. पावसाळा लागला की तिथल्या लोकांची झोप कशी होते? इचलकरंजीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारे कामगार, हंगामात कारखान्यावर येणारी ऊसतोड कुटुंबं आणि त्यांची मुलं, दुखापतीनं कुस्ती सुटलेले मल्ल, अभ्यासिकांमध्ये पाच-सहा वर्षं स्पर्धा परीक्षा देत बसलेली तरुण मुलं. यातल्या कुणाजवळही जायचं तर आधी नैतिक समितीची मंजुरी आणि समजेल अशा मराठीत लिहिलेलं संमतिपत्र लागेल. महापुरासारख्या विषयावर प्रश्न विचारताना कुणी कोसळलं तर त्याला कुठं पाठवायचं, हेही आधी ठरलेलं असावं. परदेशी चाचणी वापरणार असाल तर तिचं मराठी रूप प्रमाणित आहे का ते बघा. घाईघाईनं स्वतः केलेला अनुवाद निकाल बिघडवतो.

पायरी ९: पदवीनंतर

आरसीआय-मान्य अभ्यासक्रम पूर्ण झाला की परिषदेकडं ऑनलाइन अर्ज करून नोंदणी क्रमांक घ्या. क्रमांक हातात येईपर्यंत पाटी, लेटरहेड किंवा सोशल मीडियावर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहू नका. नोंदणीचं ठरावीक मुदतीनं नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी परिषदेच्या प्रशिक्षण कार्यक्रमांचे गुण जमवावे लागतात, म्हणून प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र फाइलला लावत जा.

नुसतं एम.ए. किंवा एमएसडब्ल्यू झालं असेल तर पहिली दोन वर्षं स्वतंत्र दुकान मांडू नका. एखाद्या मनोविकारतज्ज्ञाच्या किंवा संस्थेच्या छत्राखाली ‘समुपदेशक’ किंवा ‘सामाजिक कार्यकर्ता’ म्हणून काम करा. गंभीर आजाराची शंका आली की त्याच दिवशी पुढं पाठवा. पगार सुरुवातीला कमी असतो, हे घरी आधीच सांगून ठेवा. नोकरी घेताना पगारासोबत एक गोष्ट लेखी मागा: दर आठवड्याला तुमच्या केसवर वरिष्ठांसोबत तासभर चर्चा.